ऑफ साइडला शेडनेट

काही घराण्यांत लसूण खात नाहीत, तसं आमच्या घराण्यात ऑफ साइडला चेंडू मारत नाहीत. माझे काका लेगला मारायचे, माझे थोरले भाऊ लेगला मारायचे, आणि मी लेगला मारायला जायचो तेव्हा चेंडू बहुधा स्टंपाकडे निघून गेलेला असायचा. ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या हाताचा फलंदाज आडवा उभा राहतो. त्याच्या छातीसमोरची मैदानाची अर्धी बाजू म्हणजे ऑफ आणि पाठीमागची म्हणजे लेग. देवाने डोळे ज्या बाजूला दिले ती बाजू सोडून आम्ही पिढ्यानपिढ्या पाठीमागे मारत आलो. याचं कारण फार खोल नाही. आमच्या मैदानात छातीसमोर भावाचं शेडनेट आहे.

आमचं गाव सुलतानपूरच्या रस्त्यावर. मैदान म्हणजे गावाला लागून असलेली पडीक जागा, आणि तिच्या एका अंगाला थोरल्या भावाचं वावर. पूर्वी तिथं कांदा असायचा, तेव्हाही वाफे तुडवतात म्हणून तिकडं चेंडू मारू देत नसत. आता शेडनेट, म्हणजे हिरव्या जाळीचा मांडव आहे आणि आत बियाण्याची मिरची. आमच्याकडे ही शेती घरोघर आहे. कंपनी रोपं देते. एका झाडाच्या फुलातले नर, म्हणजे पुंकेसर, चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग त्यावर लावायचा, आणि त्या मिरचीतलं बी कंपनीला द्यायचं. गावातल्या बाया सकाळपासून मांडवात मान मोडून हेच करतात. माझी बायकोही करते. सगळा खेळ त्या जाळीवर. जाळी फाटली आणि एखादी मधमाशी आत शिरून भलत्याच फुलाचा पराग वाटत सुटली, की कंपनीचा माणूस येतो, नाक मुरडतो, आणि मेहनतीचं बियाणं ठेच्याच्या लायकीचं ठरवून निघून जातो.

म्हणून आमच्या मैदानाचा कायदा असा की ऑफला चेंडू गेला की फलंदाज बाद. जाळीला लागो, न लागो, अर्ध्यात थांबो. बाद द्यायला पंचही लागत नाही. फटका मारणाऱ्याने स्वतःच बॅट बगलेत मारायची आणि मान खाली घालून चालू पडायचं. यात खिलाडूवृत्ती वगैरे काही नाही. भाऊ मांडवातून बाहेर येतील तेव्हा क्रीजमध्ये जो उभा दिसेल तो आरोपी, एवढीच त्यामागची भावना. त्यामुळे आमच्या गावचा फलंदाज बाद होऊन जितक्या चपळाईने मैदान सोडतो तितक्या चपळाईने कधी धाव काढत नाही.

बाहेरून आलेले पाहुणे विचारतात, मग पलीकडच्या टोकाकडून का खेळत नाही? खेळून पाहिलं. तिकडून खेळलं की शेडनेट पाठीमागे येतं आणि लेग बंद होते. दोन्हीपैकी एक बाजू सोडायचीच होती, तेव्हा गावाने विचार करून ऑफ सोडली, कारण लेगला फटकवायला अक्कल लागत नाही. गावात जे काही डावखुरे जन्माला आले त्यांनी निमूटपणे कबड्डी धरली.

अशा मैदानावर जे तंत्र तयार व्हायचं ते झालं. चेंडू टाकणारा धावत निघाला की आमचा फलंदाज डावा पाय उचलून लेगच्या बाहेर ठेवतो, दार उघडून पाहुण्याला वाट द्यावी तसा. मग चेंडू कुठेही पडो, ऑफच्या बाहेर हातभर का पडेना, त्याला तिथून उचलून, पोटासमोरून ओढून, लेगला फेकायचं. झाडून केर काढल्यासारखा एक फटका आहे, विहिरीतून बादली ओढल्यासारखा एक आहे. माझा स्वतःचा एक होता, त्यात मी एक गिरकी घेऊन शेवटी विकेटकीपरकडे तोंड करून उभा राहायचो. त्याला नाव पडलं नाही, कारण तो फटका चेंडूला लागल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

माझं गावात झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन गरम होईपर्यंत मी मोबाइलवर फलंदाजीचे व्हिडिओ पाहतो आणि गिऱ्हाईक आलं की त्याला तंत्र समजावतो. सातबाऱ्याची प्रत काढायला आलेला माणूस बॅकफूट समजून घेऊन जातो. असा हा प्रशिक्षक एकुलत्या एका मुलीच्या वाट्याला आला. ती लहानपणापासून पोरांत खेळली, आणि सांगायला हरकत नाही की चांगली खेळली. लेगला ती असं मारते की चेंडू आणायला गेलेलं पोरगं चहा पिऊनच परत येतं. तिच्यात माझं नेमकं काय उतरलं असं मी एकदा बायकोला विचारलं होतं. बायको म्हणाली, "आउट झाल्यावरचं तोंड."

ती बारावी झाली तेव्हा बुलडाण्याला मुलींच्या जिल्हा संघाची निवड चाचणी असल्याचं तिला मोबाइलवर कळलं. आमच्या घरात असा विषय निघाला की निर्णय भाऊंचा असतो. मी बाप आहे, पण माझ्याकडे खातं दिलेलं नाही. भाऊंना ती मोठे बाबा म्हणते. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे लाड आणि धाक दोन्ही तिकडूनच. त्या संध्याकाळी भाऊ ओसरीवर पाय धूत होते. तिने सांगितलं. भाऊंनी आधी दुसरा पाय धुतला.

मग म्हणाले, "एक बार जाऊन ये. निवड झाली तं खेळ, मी कोणाले बोलू देणार नाही. नाही झाली तं बॅट माळ्यावर, आन् तू मेहकरले फार्मसीले. मंग मले क्रिकेटचा क ऐकू नाही आला पाह्यजे."

"हाव," ती म्हणाली. एवढंच. पण त्या रात्री जेवताना तिने भाकरीचा तुकडा नुसताच भाजीत फिरवत ठेवला, आणि पोरीला हे किती हवं आहे ते माझ्याही लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रशिक्षण शिबिर उघडलं. शिबिरात शिष्या एक आणि गुरू एक, पण गुरूचा आवाज चौघांचा. मी दुकानातून उठून उठून घरी येत असे. दोनच दिवसांत तिने मला अडचणीत आणणारा प्रश्न विचारला. मोबाइलवर सामना लावून ती म्हणाली, पप्पा, हे अर्धे फिल्डर तिकडं काऊन उभे केले? मी पाहिलं. ऑफला माणसंच माणसं. आमच्या मैदानात तिकडं कोणी उभंच राहत नाही, उभं राहून करणार काय? मी म्हटलं, ती शहराची रीत आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट दुकानात गेलो.

पण प्रश्न खरा होता. बुलडाण्याला ऑफला मारावं लागणार, आणि ऑफला मारायला गावात जागा नव्हती. शेवटी अंगणातल्या कडुलिंबाला मोज्यात घालून एक चेंडू लटकवला. समोर पाय टाकायचा, डोकं चेंडूवर आणायचं, बॅट सरळ न्यायची. चेंडू जाऊन परत यायचा, पुन्हा मारायचं. सकाळ-संध्याकाळ ती तेच करायची. मी खाटेवर बसून 'कोपर वर, कोपर वर' म्हणायचो. बायको मांडवातून कामावरून आली की चहा ठेवता ठेवता म्हणायची, तिचं कोपर वरच राहिलं तर ती बिचारी चहा कशी पिणार? पण काही दिवसांनी तीही चहा गाळायची थांबून बघायला लागली. फटका खरंच सुंदर झाला होता. बॅट पुढे जायची, एक गोड आवाज यायचा आणि मोजा कडुलिंबाच्या फांदीपर्यंत उडायचा.

आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात एक गोष्ट आली नाही. मोज्यातला चेंडू मारल्यावर पळावं लागत नाही.

चाचणीच्या दिवशी पहाटेच्या बसला मी आणि मुलगी उभे होतो, तर भाऊ स्वच्छ पांढरी टोपी घालून हजर. मी विचारलं, तुम्ही कुठे? म्हणाले, बुलडाण्याले काम हाय. काय काम ते मेहकर गेलं, चिखली गेली तरी सांगितलं नाही. चिखलीला सगळे चहाला उतरले तेव्हा त्यांनी तिला हळूच विचारलं, थे बॉल कडक ऱ्हाते म्हणे, लागते का लई? ती म्हणाली, लागते. भाऊ बराच वेळ बशीत फुंकर मारत राहिले.

बुलडाण्याचं मैदान पाहून मी पहिल्यांदा जाळी शोधली. सवयच. कुठेही नव्हती. चारी बाजूंनी चुन्याची रेघ आणि तिच्या पलीकडे आईबाप. सगळे बाप माझ्यासारखेच, हाताची घडी घालून, कोपर वर असावं की नसावं यावर एकमेकांना न विचारता मत देणारे. निवड करणाऱ्या एक मॅडम होत्या, ट्रॅकसूट घातलेल्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आलेल्या मुलींचे दोन संघ पाडले आणि सामना लावला. जे काय पाहायचं ते त्यातच पाहणार होत्या.

आमची फलंदाजीला गेली आणि तिने पहिल्याच षटकात चेंडू पोटासमोरून ओढून लेगला रेघेपार फेकला. बापांच्या रांगेत कुजबुज झाली. मी शेजारच्याला नम्रपणे सांगितलं की आमचीच. पुढच्या षटकात तिने पुन्हा एक तसाच ओढला. मॅडमनी ओळखलं. त्यांनी गोलंदाजी करणाऱ्या मुलीला बोलावून काही सांगितलं, आणि ऑफच्या मुली उचलून लेगला नेऊन उभ्या केल्या. आता लेगला बाजार भरला होता आणि ऑफला एकटी एक पोरगी. चेंडू यायला लागले ते ऑफच्या बाहेर, बॅटपासून लांब. आमची ओढायला जायची, चेंडू निघून जायचा. दोनदा बॅट हवेत फिरली. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मी कोपर कोपर म्हणत होतो. शेजारचा बाप जरा सरकून बसला.

मग तिने थांबून बॅट जमिनीवर टेकवली, एकदा श्वास घेतला. पुढचा चेंडू तसाच बाहेर आला, आणि तिने पाय पुढे टाकला. डोकं चेंडूवर. बॅट सरळ. कडुलिंबाखालचा तोच गोड आवाज. चेंडू गवताला लागून ऑफला असा गेला की मला रडू यायचं बाकी राहिलं.

आणि आमच्या मुलीने बॅट बगलेत मारली, मान खाली घातली, आणि मैदानाबाहेर चालायला लागली.

समोरच्या टोकाची मुलगी धावत अर्ध्यात आली होती. ती ओरडली, थबकली आणि आल्या वाटेने परत पळाली. ऑफला असलेल्या एकट्या मुलीने रेघेच्या अलीकडे चेंडू अडवला, फेकला, आणि विकेटकीपरने सावकाश स्टंप उडवले. आमची तोवर पाऊण मैदान ओलांडून आली होती. आता खरं सांगतो. ती चालायला लागली तेव्हा मला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. मी 'गेली' म्हणून कपाळाला हात लावला होता. भाऊ तर उठून, धोतर सावरत, चेंडू गेला त्या दिशेला तरातरा निघाले होते, जाळी पाहायला.

क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुलींनी बाद मागत हात वर केले. पंच गोंधळून मॅडमकडे बघू लागले. मॅडम चालत आमच्या मुलीला आडव्या आल्या. तोवर मीही रेघेपाशी पोचलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी कानाने ऐकलं.

"कुठे चाललीस?"

"आउट झाली न मॅडम."

"कोणी दिलं आउट?"

ती म्हणाली, "ऑफले गेला न."

मॅडमनी एकदा ऑफकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मुलीला आता कळायला लागलं होतं. बारावी, बॅट, माळा, मेहकर, सगळं एकदम तिथं येऊन उभं राहिलं असणार. तंत्रावर इतकी वर्षं बोलणारा मी तोंड उघडून 'कोपर' एवढंच म्हणालो. बोलले ते भाऊ. ते अर्ध्या मैदानातून परत आले होते, धापा टाकत.

"मॅडम, तिले काही बोलू नका. तिची चुकी नाही. तिकडं माहं शेडनेट हाय."

मॅडमनी भाऊंनी दाखवलेल्या बाजूला पाहिलं. तिकडे पाण्याची टाकी होती आणि टाकीवर दोन कबुतरं.

"अठी नाही," भाऊ म्हणाले. "गावात. तिकडं बॉल गेला की आउट. मीच ठेवलं तसं. पोट्टे मले पाहून पयतात. हे पण मलेच पाहून निंगाली."

मॅडम हसल्या नाहीत याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. त्या पंचांना म्हणाल्या की आपण बाद झालो असं समजून फलंदाज चालत निघाला असेल तर त्याला परत बोलवायचं असतं. पंच म्हणाले की हो, नियम तसा आहे. स्टंप उडवणारी मुलगी कुरकुरली, पण जागेवर गेली. मॅडम आमच्या मुलीला म्हणाल्या, जा, आणि इथं सगळीकडे मारलेलं चालतं.

ती परत क्रीजमध्ये उभी राहिली. एक चेंडू तिने सोडला. एक लेगला ढकलून धाव घेतली. पुन्हा तिची पाळी आली तेव्हा ऑफच्या बाहेर चेंडू आला आणि तिने पुन्हा तसाच सरळ बॅटने मारला. या वेळी ती चालली नाही, पण पळालीही नाही. उभीच राहिली आणि तिची नजर भाऊंकडे गेली. समोरची मुलगी धाव घ्यायला निघालेली, चेंडूमागे दोन मुली, आणि ही भाऊंकडे बघत उभी.

भाऊ टोपी हातात घेऊन रेघेवर उभे होते. गावाला माहीत आहे तो आवाज त्यांनी काढला, मांडवातून बाहेर येताना काढतात तो.

"पय! पय न व माय, पय!"

ती पळाली. दोन धावा झाल्या. पुढे आणखी थोडं खेळली, आणि मग चुकीच्या चेंडूला आमच्या घराण्याचा बादलीचा फटका मारायला गेली नि उंच झेल देऊन बाद झाली. तेव्हा तिने क्षणभर थांबून पंचांकडे पाहिलं, खरंच बाद आहे का म्हणून. पंचांनी बोट वर करून दाखवल्यावरच निघाली.

दुपारी उन्हं उतरल्यावर मॅडमनी संघाची नावं वाचली. आमचं नाव नव्हतं. मुलीने बुटाच्या नाड्या सोडायला सुरुवात केली. मग मॅडम म्हणाल्या की आणखी काही मुली सरावाच्या शिबिराला बोलावल्या आहेत, त्यांच्यातून पुढे बघू, आणि त्या नावांत शेवटचं नाव आमचं होतं. मुलीचे हात नाडीवरच थांबले. ती उठली नाही. तिने आधी भाऊंकडे पाहिलं.

कारण शिबिर म्हणजे निवड का, हा मुद्दा होता. भाऊंचा शब्द निवडीबद्दल होता आणि ते शब्दाचे पक्के. मी मनातल्या मनात युक्तिवाद जुळवायला लागलो. की शिबिराला बोलावणं ही एक प्रकारची निवडच असते, की भाऊंना त्या दिवशी नेमकं काय म्हणायचं होतं, वगैरे. 'एक प्रकारची' हे शब्द डोक्यात आले तेव्हाच मला कळलं की भाऊंपुढे हे टिकणार नाही. मुलीने बॅट पिशवीत घातली आणि चेन ओढून उभी राहिली.

भाऊ आमच्याजवळ न थांबता सरळ मॅडमकडे गेले. मला वाटलं आता वाद. मी मागे धावलो.

"तुमच्या त्या शिबिरात पोरींले खायाले काय देता?" भाऊंनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, सकाळी अंडी, पोहे, दोन्ही वेळ जेवण.

"जेवणात?"

"पोळी-भाजी, वरण-भात."

भाऊंनी जरा विचार केला. "पोयीनं तिचं पोट नाही भरत. लहानपणापासून भाकर खाते थे. दिवसभर उन्हात उभी ऱ्हाईन, मंग भाकर पाह्यजे."

"मग पाठवा काका, कोणी येणार असेल त्याच्यासोबत."

"कोणी काऊन? मीच आणीन," भाऊ म्हणाले, टोपी डोक्यावर ठेवली, आणि बसस्टँडकडे चालायला लागले. मुलगी त्यांच्या मागून निघाली, मग पळत जाऊन त्यांच्या बरोबरीने चालू लागली. दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, बॅटची पिशवी माझ्या खांद्यावर देऊन ती गेली होती.

बसस्टँडवर भाऊंनी माझा मोबाइल मागून घेतला आणि घरी लावला. त्यांना वाटतं मोबाइलमध्ये गाव जितकं लांब तितकं मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे माझ्या बायकोसोबत अर्ध्या स्टँडलाही कळलं की जोंधळे दळायला टाकायचे आहेत. बायकोने विचारलं असणार, निवड झाली का? भाऊ माझ्याकडे पाहत म्हणाले, थे तुह्या नवऱ्याले विचार, त्याले समजते थे सगळं. आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

मला हेच हवं होतं. मी तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं. मॅडमनी लेगला क्षेत्ररक्षण कसं लावलं, आपल्या पोरीने पाय कसा पुढे टाकला, डोकं कसं चेंडूवर होतं, मग ती चालायला कशी लागली, संघ वेगळा आणि शिबिर वेगळं ते कसं. तिने बरंच ऐकून घेतलं, तिच्या मानाने फारच.

मग म्हणाली, "बरं, थे राहू द्या. पीठ कधी लागते थे सांगा."